प्रायव्हेट लिमिटेड नको म्हणणारं सीए ऑफिस – सांगलीतला आमचा अनुभव

आधीच सांगतो, ऑफिसचं नाव इथं टाकणार नाही, कारण तिथल्या सीए मॅडमनीच नको म्हणून सांगितलंय. सीए लोकांना जाहिरात करून गिऱ्हाईक ओढायला त्यांच्या इन्स्टिट्यूटचे निर्बंध असतात, आणि एवढं चांगलं काम करून दिल्यावर माझ्या पोस्टमुळं त्यांना कुणी बोल लावू नये. विश्रामबागमध्ये आहे, दुसरा मजला, एवढंच. तरी लिहितोय, कारण माझ्यासारखे छोटे कंत्राटदार सांगली, मिरज, कुपवाड, तासगावकडं शेकड्यानं आहेत आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो की धंदा स्वतःच्या नावावर ठेवू, भागीदारी करू, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढू का कंपनी. मला ह्या एका प्रश्नाचं सरळ उत्तर मिळायला सात वर्षं लागली.

आमचं काम म्हणजे आरसीसी, वीटकाम, कंपाउंड वॉल, शेडचं प्लिंथ, गटारी, कधी लेबर रेटनं तर कधी मटेरियलसकट. मी डिप्लोमा सिव्हिल, आणि माझा चुलत भाऊ, आम्ही दादा म्हणतो, तो गवंडीकामातून वर आलेला, दहावीपर्यंत शिकलेला पण सेंट्रिंगकडं नुसतं बघून सांगतो कुठला टेकू कच्चा आहे. २०१८ ला दोघांनी भागीदारी केली. तेव्हा ओळखीच्या एका कर सल्लागारानं शंभरच्या स्टँपवर दोन पानी भागीदारी पत्र करून दिलं, नोटरी केली, त्याच्यावर पॅन काढला, जीएसटी नंबर काढला, करंट खातं उघडलं, झालं. मी विचारलं होतं की फर्म रजिस्टर करायची का, तर म्हणाले काही गरज नाही, ऐच्छिक असतंय. आता हे खोटं नाही बरं का, भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि त्यात नोंदणीची सक्ती नाहीच. पण नोंदणी नसली तर काय होतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायची अक्कल नव्हती असं नाही, असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

ते कळलं २०२३ नंतर. एका कारखानदाराच्या शेडचं प्लिंथ आणि कंपाउंड केलं, मार्च २०२३ ला शेवटचं बिल दिलं, ३ लाख ४० हजार अडकले. आज देतो उद्या देतो, इंजिनिअरला मोजमाप परत घ्यायला सांगतो, असं करत दीड-पावणेदोन वर्षं घालवली. त्या बिलातला ५१ हजारांच्या वर जीएसटी आम्ही खिशातून भरून बसलो होतो कारण सरकारला बिल फाडलं की कर पाहिजे, तुम्हाला पैसे मिळू देत नाहीतर न मिळू देत. स्टीलवाल्याची उधारी वेगळीच. शेवटी वकिलाकडं गेलो. वकिलांनी फाइल उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, फर्म रजिस्टर आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी फाइल मिटून टेबलावर ठेवली. भागीदारी कायद्याचं कलम ६९, नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या पैशासाठी बाहेरच्या माणसावर कोर्टात दावा लावता येत नाही. समोरचा आपल्यावर लावू शकतो, आपण नाही. आणि भागीदारांचं आपापसात फाटलं तरी चालू फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर कराराचा हक्क मागायला तेच कलम आडवं येतं. त्या दिवशी मी आणि दादा कोर्टाच्या बाहेर चहा घेत बसलो आणि अर्धा तास कुणीच बोललं नाही.

मग जुन्या सल्लागाराकडं गेलो तर त्यांचा सल्ला, आता डायरेक्ट प्रायव्हेट लिमिटेडच करा, लेटरहेडवर प्रायव्हेट लिमिटेड दिसलं की वजन पडतंय, जबाबदारी मर्यादित होतीय, मोठी कामं येतात. कोटेशन पण तयार. खरं सांगतो, दादाला ते लय आवडलं होतं, आणि मी पण निम्मा तयार झालो होतो. फक्त एक डोक्यात खटकलं की कंपनी नवीन निघाली तर ते अडकलेले पैसे मागणार कोण, ते तर जुन्या फर्मचे. त्यांना विचारलं तर बघू म्हणाले. त्यावरनंच साइटवर येणाऱ्या एका आर्किटेक्टनं विश्रामबागच्या ह्या मॅडमकडं पाठवलं. मे २०२५.

पहिल्या भेटीत पाऊण तास मॅडम कुठल्याच फॉर्मचं नाव न काढता नुसतं विचारत होत्या. पैसे कोण देतं, सरकारी किती खाजगी किती. रोख किती येतंय, बँकेत किती. मजूर मुकादमाकडचे का तुमच्या हजेरीवर. मटेरियल उधारीवर आणता तेव्हा सही कोणाची असते. दोघांपैकी एक उद्या नसला तर साइट कोण बघणार. पुढं सरकारी टेंडर भरायचाय का. मला आतापर्यंत कुणी धंद्याबद्दल एवढं विचारलं नव्हतं, बँकेनंसुद्धा नाही. मग त्यांनी भागीदारी पत्र मागितलं. मूळ पत्र २०२१ च्या पुरात भिजलेलं, आमची खोली गावभागात होती, शाई सगळी पसरलेली, झेरॉक्स दिली. त्यांनी ती दोन पानं वाचली आणि म्हणाल्या ह्यात भागीदारांच्या पगाराचं कलमच नाही, मग तुमचा कर कसा भरला जातोय.

हा भाग नीट वाचा, कारण आमचे सगळ्यात जास्त पैसे इथंच गेलेत. भागीदारी फर्मला सपाट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के पडतो, पहिले काही लाख माफ असला प्रकार फर्मला नसतो. पण काम करणाऱ्या भागीदारांना फर्म पगार देऊ शकते आणि तो खर्चात धरता येतो, त्याला मर्यादा आहे, सध्या नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख यातलं जे जास्त ते, आणि त्याच्या वरच्या नफ्यावर ६० टक्के. अट एकच, हे भागीदारी पत्रात लिहिलेलं पाहिजे आणि पत्राच्या तारखेनंतरचंच चालतं. मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं, समजा नफा ६ लाख. पगाराचं कलम नसेल तर ६ लाखांवर कर १ लाख ८७ हजार २००. कलम असेल तर ५ लाख ४० हजार पगारात जातात, उरल्या ६० हजारांवर कर १८ हजार ७२०. पगार आमच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो पण नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंत तसाही कर लागत नाही. दादानं तो कागद घडी करून खिशात घातला, अजून त्याच्याकडं आहे. मागच्या वर्षांची मर्यादा कमी होती त्यामुळं आमचं नुकसान नेमकं एवढंच झालं असं म्हणता येत नाही, पण दरवर्षी झालं हे नक्की. मागचं परत मिळत नाही हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं.

एक नवीन गोष्ट पण सांगितली जी लय जणांना माहीत नाही, १ एप्रिल २०२५ पासून फर्मनं भागीदाराला पगार, व्याज वगैरे मिळून वर्षात २० हजारांच्या वर दिलं तर १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापायचा कर, कापून भरायचाय. त्यासाठी टॅन नंबर, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर पाहिजे. कापलेला पैसा रिटर्न भरल्यावर परत येतो, पण तोपर्यंत हातातून गेलेला असतोय, त्याची तयारी ठेवा.

मग कंपनीचा विषय. मी म्हटलं मॅडम, जबाबदारी मर्यादित होतीय ना. त्यांनी उलट विचारलं, तुमची जबाबदारी आज कुठं कुठं आहे ते सांगा. मी म्हटलं बँकेचं कर्ज, स्टील-सिमेंटची उधारी आणि मजूर. बँक छोट्या कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, म्हणजे घर तिथंच अडकलं. उधारीवाला तुम्हाला ओळखून माल देतो, उद्या कंपनीच्या नावानं उधारी मागितली तर तो पण तुमची सही मागणार. राहिला मजूर. इथं मी त्यांना सांगितलं की २०२२ ला आमचा एक बिगारी परांचीवरनं पडला होता, पाय मोडला, मिरजेत ऑपरेशन झालं, ८५ हजार आम्ही दोघांनी भरले आणि ते भरायलाच पाहिजे होते, तो माणूस आमच्या कामावर पडला होता. मॅडम म्हणाल्या ह्याच्यावर इलाज कंपनी नाही, मजुरांच्या नुकसानभरपाईची पॉलिसी आहे, ती फर्मच्या नावानं पण निघते. आम्ही काढली. माझ्या मते सगळ्यांनी काढावी, रजिस्ट्रेशनचं नंतर बघा पण आधी हे करा.

आणि कंपनी सांभाळायचा खर्च. उलाढाल काहीही असू दे, शून्य असली तरी ऑडिट लागतंच, दरवर्षी सभा, हिशोबाचा एओसी-४ आणि वार्षिक माहितीचा एमजीटी-७ए हे दोन फॉर्म, चुकले की प्रत्येकी दिवसाला १०० रुपये. दोन्ही वर्षभर राहिले तर ७३ हजार होतात, आणि सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक म्हणून अपात्र. आमच्या ओळखीच्या एका पोरानं हौसेनं कंपनी काढून ठेवलीय, एक पण काम कंपनीच्या नावावर नाही, तो आता बंद कशी करायची ह्याच्या मागं फिरतोय, त्याला बघून मला हे आकडे नुसते आकडे वाटले नाहीत. कंपनीला कर कमी पडतो हे खरंय, २२ टक्क्यांचा पर्याय घेतला तर सरचार्ज सेस धरून २५.१७, पण आमच्या एवढ्याशा नफ्यात पगाराचं कलम असलेली फर्मच स्वस्त पडते. ओपीसी म्हणजे एकट्याची कंपनी हा पर्याय आम्ही दोघं असल्यामुळं निघालाच नाही.

एलएलपीवर मात्र बराच वेळ चर्चा झाली, कारण मला ते मधलं बरं वाटत होतं, जबाबदारी मर्यादित आणि कंपनीएवढा व्याप नाही. पण उलाढाल ४० लाखांच्या वर किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट आलं, आणि आमची उलाढाल ५५-६० लाख, म्हणजे पहिल्या वर्षापासूनच. शिवाय ३० मे ला वार्षिक माहितीचा फॉर्म ११, ३० ऑक्टोबरला हिशोबाचा फॉर्म ८, धंदा झालेला असू दे नसू दे. कराचा दर फर्मएवढाच. मॅडम म्हणाल्या, बाहेरचा पैसे घालणारा माणूस आत घ्यायचा झाला किंवा एकेक काम कोटीचं घ्यायला लागलात की एलएलपीचा विचार करू, फर्मची एलएलपी करता येते, आज तुम्हाला ते ओझं होईल. हे त्यांनी फी बुडवून सांगितलं, कारण एलएलपी केली असती तर आमच्याकडनं त्यांना दरवर्षी जास्त पैसे मिळाले असते.

शेवटी ठरलं ते असं, हीच फर्म ठेवायची, सुधारित भागीदारी पत्र करायचं आणि ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडं नोंदवायची. पॅन तोच, जीएसटी नंबर तोच, बँक खातं तेच. आणि ज्यासाठी मी रात्र-रात्र जागलो ते, नोंदणी काम झाल्यावर केली तरी चालते, फक्त दावा दाखल करायच्या आधी झालेली पाहिजे आणि तीन वर्षांची मुदत संपायच्या आत. म्हणजे मार्च २०२६ पर्यंत आमच्याकडं वेळ होता. कंपनी काढून जुनी फर्म तशीच सोडली असती तर ते पैसे गेल्यातच जमा होते.

भागीदारी पत्र करताना दादानं एकच प्रश्न विचारला, मॅडम, माझं काय बरंवाईट झालं तर माझ्या पोराबाळांचं काय. मी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो, सात वर्षांत आम्ही दोघं हे कधी बोललो नव्हतो. मॅडमनी सांगितलं की पत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते, आणि भागीदार दोनच असतील तर लिहून पण उपयोग नाही, एकट्याची भागीदारी होत नाही. म्हणून तिसरा भागीदार घ्या. तिसरी माझी बायको घेतली, साइटची हजेरी, मुकादमाचे उचल, डिझेल, सगळा हिशोब वह्यांमध्ये तीच लिहिते आणि आतापर्यंत तिचं नाव कुठंच नव्हतं. पत्रात कलम घातलं की कुणी गेलं तर फर्म चालू राहील, वारसाला त्या तारखेचा हिशोब करून भांडवल आणि नफा अमुक महिन्यांत द्यायचा, आणि वारसाची इच्छा असेल तर त्याला आत घ्यायचं. कोण किती पगार, चेकवर कुणाच्या सह्या, कुणाला विचारल्याशिवाय उधारी किती रुपयांपर्यंत उचलायची, भांडण झालं तर आधी कुणाकडं जायचं. पत्र इंग्रजीत होतं, पण सही करायच्या आधी मॅडमच्या ऑफिसमधल्या ताईंनी प्रत्येक कलम दादाला मराठीत वाचून समजावलं, दीड तास गेला, दोन ठिकाणी दादानं बदल सांगितले आणि ते केले. २०१८ ला आम्ही टेबलाच्या कडेला उभं राहून सह्या केल्या होत्या.

आता तक्रारी. फी जुन्या सल्लागारापेक्षा बरीच जास्त, आम्हाला पत्र, नोंदणी, टॅन सगळं मिळून १४ हजार सांगितले, मुद्रांक आणि सरकारी फी वेगळी. मुद्रांकाचं ऐका, जुन्या पत्रावर तो कमीच भरलेला निघाला, फरक आणि दंड आम्हालाच भरावा लागला, तो ह्या ऑफिसचा दोष नाही पण पहिल्या भेटीतच सांगायला पाहिजे होतं, ते तिसऱ्या भेटीत कळलं. नोंदणीच्या अर्जात त्यांच्या ऑफिसमधल्या मुलानं आमच्या पत्त्यात पिनकोड चुकवला, त्रुटी निघाली, तीन आठवडे वाया गेले. चूक त्यांनी मान्य केली, परत भरायचे पैसे घेतले नाहीत, पण त्या तीन आठवड्यांत माझा जीव टांगणीला होता कारण मुदत डोक्यावर. पूर्ण नोंदणी हातात यायला अडीच महिने लागले, ऑगस्टमध्ये दाखला आला. जुलै आणि सप्टेंबरला फोन उचलत नाहीत, रिटर्नची गर्दी असते हे मला कळतंय पण एक मेसेज तरी टाकावा. लिफ्ट नाही, दादाचा गुडघा दुखतो, दर वेळी तो जिन्यात दोनदा थांबला. खाली गाडी लावायला जागा नाही.

सरकारी कामाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासारख्या पोरांनी ध्यानात ठेवा. आम्ही आतापर्यंत मोठ्या ठेकेदारांच्या हाताखाली गटारीची, शाळाखोल्यांची कामं केली, पण पूर्णत्वाचा दाखला त्याच्या नावावर, आपल्या नावावर काहीच नाही. सार्वजनिक बांधकामकडं नोंदणी ज्या नावानं आणि पॅननं कराल त्याच नावावर पुढं अनुभव, उलाढाल सगळं साठत जातं. आधी स्वतःच्या नावानं नोंदणी काढायची, चार वर्षं कामं करायची आणि मग कंपनी काढायची म्हटलं की तो अनुभव नव्या नावाला धरायचा का नाही ह्यावर प्रत्येक टेंडरला वाद. म्हणून नाव आधी ठरवा, नोंदणी नंतर. आम्ही आता फर्मच्या नावानं ऐपत दाखल्याचं बघतोय, महाटेंडर्स ह्या सरकारी टेंडरच्या वेबसाइटसाठी डिजिटल सिग्नेचर माझ्या नावाची काढली, भागीदारांनी तसं मला लेखी अधिकारपत्र दिलंय.

सगळ्यांनी भागीदारीच करा असं मात्र नाही. माझा मेहुणा तासगावला एकटाच फॅब्रिकेशनचं काम घेतो, त्याला मी ह्याच मॅडमकडं घेऊन गेलो होतो तर त्याला म्हणाल्या तुम्ही आहे तसे एकट्याच्या नावावरच रहा. त्याची उलाढाल ४० लाखांच्या आसपास, सगळी बँकेतनं, किमान ६ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार नफा धरून रिटर्न भरता येतं, रोखीतलं असेल तर ८ टक्के. प्रत्यक्षात जास्त सुटत असेल तर जास्त दाखवायचं, ते पण बजावलं. खाजगी पार्टीनं टीडीएस कापला तरी त्याचा १ टक्का जातो, एलएलपी किंवा कंपनी असती तर २ टक्के. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी फुकट असते, एजंटाला पैसे देऊ नका म्हणाल्या आणि तिथंच त्याच्या मोबाइलवर करून दिली. त्या भेटीचे पैसे घेतले ५०० रुपये.

आमच्या पैशाचं काय झालं ते विचारणारच तुम्ही. दाखला आल्यावर वकिलांनी नोटीस पाठवली, नोटिशीत फर्मचा नोंदणी क्रमांक टाकला. पंधरा दिवसांत समोरच्याचा स्वतःहून फोन आला, दीड लाख आले. उरलेले १ लाख ९० हजार द्यायचं म्हणतोय पण तारीख सांगत नाही, त्यामुळं वकिलांनी दाव्याचे कागद तयार करायला घेतलेत आणि मार्चची वाट बघायची नाही असं आम्ही तिघांनी ठरवलंय.

माझ्याकडनं पाचपैकी चार. कुणाला जायचं असेल तर मला मेसेज करा, पत्ता सांगतो. महिन्याच्या २० तारखेच्या आसपास जाऊ नका, जीएसटीआर-३बी ह्या जीएसटी रिटर्नची गडबड असते, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी ११ च्या आत गेलात तर मॅडम स्वतः भेटतात. जाताना जुनं भागीदारी पत्र, मागच्या तीन वर्षांची रिटर्न, अडकलेल्या बिलांची यादी तारखांसकट, आणि जो कोण भागीदार आहे त्याला बरोबर घेऊन जा, एकट्यानं गेलात तर त्या दुसऱ्याला घेऊन परत या म्हणून सांगतात.